दुनळीवरचा गंज : काढायचा किती, ठेवायचा किती

प्रकरण एका बारा बोरच्या दुनळीचं आहे. बर्मिंगहॅमची बनावट, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली, नळ्या ३० इंची. कुडाळ तालुक्यातल्या एका घरात ती शेतसंरक्षणाच्या परवान्यावर होती. तिकडे बंदूक शिकारीपेक्षा राखणीसाठीच जास्त ठेवतात. भात पोटरीत आलं की डुकरं उतरतात, नारळ धरला की माकडं येतात, आणि रात्री माळ्यावरून एक बार काढला की निदान त्या रात्रीपुरती शेती वाचते.

मूळ परवानाधारक वारले. परवाना संपला की शस्त्र घरात ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. वारसाच्या नावावर परवाना होईपर्यंत ही बंदूक ठाण्याच्या कोठडीत कॅनव्हासच्या पिशवीत उभी राहिली, आणि मध्ये कोकणातला पावसाळा गेला. परत आली तेव्हा डाव्या नळीवर वीतभर लांबीचा नारिंगी पट्टा होता. यात कोणाला दोष द्यावा असं काही नाही. ठाण्याचं काम शस्त्र सांभाळायचं, त्याला तेल लावायचं नव्हे. आणि जमा करताना नळ्यांवर तेलाचा हात फिरवावा हे शोकाच्या दिवसांत घरच्यांना सुचणार तरी कसं?

वारस म्हणजे मुलगा, वय साठीच्या पुढचं. पुतण्याला घेऊन घाट चढून कोल्हापूरला आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात आले. आधी परवाना, त्यातलं क्षेत्र आणि बंदुकीचा नंबर पाहून वहीत नोंद केली, मग पिशवी उघडली. पुतण्याने मोबाइलवर व्हिडिओ पाहून ठेवले होते. त्याचं म्हणणं, सगळं पॉलिश करून चकाचक करून द्या. काकांनी त्याला थांबवलं. म्हणाले, "नवी नको माका. बाबांची होती तशीच होई." एवढ्या एका वाक्यात कामाची दिशा ठरली. नवं करणं सोपं आहे, सगळं घासून काढायचं आणि परत रंगवायचं. होतं तसं ठेवून फक्त गंज थांबवणं हे वेगळं काम आहे.

आधी नुसतं पाहणं

बंदूक हातात आली की पहिलं काम ती रिकामी असल्याची खात्री, मग ती कुठूनही आलेली असो. बिजागरीवर उघडून दोन्ही घरं, म्हणजे काडतुसं बसतात त्या जागा, पाहिली, बोट घालून चाचपली, नळ्यांतून उजेड पाहिला. मग पुढचं लाकूड काढलं, नळ्या वेगळ्या केल्या आणि तिन्ही भाग सुती कापडावर मांडले. तेल नाही, फडकं नाही. कोरडं पाहायचं, कारण तेलाचा हात फिरला की गंज काळसर दिसतो आणि खरी परिस्थिती झाकली जाते.

एका बंदुकीवर एकच पॉलिश असतं असा सर्वसाधारण समज आहे. इथे चार प्रकार होते. नळ्यांवर जुन्या पद्धतीचं सावकाश केलेलं ब्लूइंग, काळपट निळं, रेशमासारखं मंद. अ‍ॅक्शनच्या, म्हणजे नळ्यांमागच्या चाप-घोड्याच्या यंत्रणेच्या, बाजूंवर केस हार्डनिंगचे (वरचा थर टणक करण्याच्या प्रक्रियेतले) रंग, म्हणजे तेलाच्या तवंगावर दिसतात तसे निळे-जांभळे-पिवळट ढग; हाताळून बरेचसे उडालेले, पण घडीच्या खाचांजवळ अजून शाबूत. चापाच्या कड्यावर आणि स्क्रूंवर भट्टीत तापवून आणलेली चकचकीत निळाई, ती जवळजवळ गेलेलीच. आणि अक्रोडाच्या दस्त्यावर जवसाच्या तेलाचा हात. या चारांना एकच औषध चालत नाही, आणि गंज काढताना बंदुका बिघडतात त्या बहुधा इथेच.

भिंगाखाली गंजाचेही प्रकार वेगळे दिसले. डाव्या नळीवरचा पट्टा ताजा, भुसभुशीत. पिशवीची शिवण जिथे टेकली होती बरोबर तिथे तो होता. कॅनव्हासच्या शिवणीत ओल जास्त वेळ राहते. उजव्या नळीवर सुटे ठिपके. नळ्यांच्या मध्यावर, डाव्या हाताची पकड येते तिथे, गुळगुळीत तपकिरी छटा होती, ती मात्र जुनी. पांढऱ्या कापडाला तेलाचा थेंब लावून दोन्हीकडे दाबलं. पट्ट्यावर कापड नारिंगी झालं, तपकिरी भागावर पांढरंच राहिलं. कापडाला रंग लागतो तो गंज अजून खातोय. लागत नाही तो थांबलेला आहे, त्याला हात लावायचं कारण नाही.

अ‍ॅक्शनच्या डाव्या अंगावर एक गोल डाग होता, रुपयाएवढा, मध्ये लालसर आणि कडेला काळा. विचारल्यावर उलगडा झाला. खंडेनवमीला बंदूक पाटावर ठेवून पूजा व्हायची. ओलं गंध, कुंकू आणि त्यावर झेंडूचं फूल. फूल दुसऱ्या दिवशी उचलायचं. ओलं फूल रात्रभर लोखंडावर बसलं की खाली दुसरं काय होणार? पूजा बंद करा असं सांगायचा प्रश्नच नाही. गंध दस्त्याला लावा, फूल पाटावर ठेवा आणि आरती झाली की धातूवर कोरडं व मग तेलाचं फडकं फिरवा, एवढं सांगितलं.

तिसरी खूण सगळ्यात बोलकी. उजव्या नळीच्या तोंडाजवळ दोन बोटं रुंदीचा करडा, मेलेला पट्टा, त्यात ना निळाई ना गंज. कोणे एके काळी घरातल्या कोणीतरी समई घासायच्या चिंचेने तिथला गंज काढला होता. गंज गेला हे खरं. निळाईही गेली, आणि उघडं पडलेलं पोलाद चिंचेतल्या आम्लाने कोरून निस्तेज झालं.

चिंचेला फरक का कळत नाही

या प्रकरणाचा गाभा इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुन्या इंग्लिश दुनळ्यांचं ब्लूइंग म्हणजे रंग नाही, मुलामाही नाही. तो गंजच आहे, मुद्दाम आणलेला आणि ताब्यात ठेवलेला. घासून, तेल काढून स्वच्छ केलेल्या नळीला सौम्य आम्लाचा हात लावून दमट जागी ठेवायचं. वर बारीक लाल गंज येतो. मग नळी उकळत्या पाण्यात बुडवायची. लाल गंज काळा होतो, म्हणजे लोखंडाचं तांबडं ऑक्साइड बदलून मॅग्नेटाइट होतं. वरची सैल काळी पूड मऊ तारेच्या ब्रशने झाडायची आणि पुन्हा आम्ल. असे फेरे होत होत जो थर बसतो तीच ती निळाई. थर मोठा पातळ, एक-दोन मायक्रॉनच्या हिशोबातला. केसाची जाडी त्याच्या कितीतरी पट.

म्हणजे लाल गंज आणि निळाई ही सख्खी भावंडं. दोन्ही लोखंडाची ऑक्साइडं. जे रसायन एकाला विरघळवतं ते दुसऱ्यालाही विरघळवणार. चिंच, लिंबू, व्हिनेगर, फॉस्फरिक आम्ल असलेली कोल्ड्रिंक्स, गॅरेजमध्ये मिळणारं बाटलीतलं रस्ट रिमूव्हर, या सगळ्यांची एकच गत. "आम्ल नाही, पूर्ण सुरक्षित" असं लिहिलेली जी द्रावणं लोखंडाला पकडून गंज सोडवतात, तीही ब्लूइंग फिकट करतात किंवा उतरवतात. पुतण्याने धुण्याचा सोडा आणि बॅटरीचा चार्जर वापरून विजेने गंज काढायचा व्हिडिओ दाखवला. नांगराच्या फाळासाठी किंवा कोयत्यासाठी ती उत्तम रीत आहे. इथे ती निळाईसकट गंज उतरवेल.

फरक ओळखता येतो तो फक्त घट्टपणावरून. निळाई पोलादाला घट्ट धरून असते, ताजा गंज वर सैल बसलेला असतो. म्हणून गंज विरघळवायचा नाही, तो सैल करून उचलायचा. उचलायला वापरायची वस्तू गंजापेक्षा टणक पण पोलादापेक्षा मऊ असली पाहिजे.

पॉलिश पेपर यात कुठेच बसत नाही. झिरो नंबरचा असला, पाण्यातला असला, तरी त्याचे कण पोलादापेक्षा टणक असतात आणि दोन-चार हातांत तो थर पार करतात. हीच गत बफची, म्हणजे फिरत्या पॉलिश-चाकाची. बफने आणखी एक अनर्थ होतो, तो कायद्याचा आहे. नळ्यांच्या सपाट बुडावर नंबर आणि प्रूफच्या, म्हणजे नळी तपासून पास केल्याच्या, खुणा ठोकलेल्या असतात. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ च्या कायद्याने स्थापन झालं, आणि या बंदुकीवर त्याचे मुकुटाचे ठसे अगदी स्वच्छ होते. त्यातलं मुकुटाखालचं एनपी म्हणजे धूरविरहित दारूसाठी तपासलेली नळी. हे ठसे बंदुकीची कुंडलीच म्हणा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे बंदुकीवरचं नाव, नंबर किंवा ओळखीची खूण खोडणं हा गुन्हा आहे. गंज काढायच्या भरात नंबर पुसट झाला, तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी तो "गंज काढताना गेला" हे साहेबांना पटवत बसावं लागतं. म्हणून खुणांच्या जागी घासायचं नाही असा आमच्याकडे दंडक आहे. तिथे तेल, मऊ दातब्रश आणि टोकदार बांबूची काडी, बस्स.

प्रत्यक्ष काम

सुरुवात मुरवण्याने. रॉकेल आणि शिलाई मशीनचं तेल सारखं मिसळून नळ्यांना बाहेरून लावलं, वर जुन्या मलमलीच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि त्याही त्याच तेलात भिजवून ठेवल्या. बाजारात याहून चांगली झिरपणारी तेलं मिळतात, तीही चालतात. खरी गोष्ट वेळ देणं ही आहे. गंज हा भोकाभोकांचा असतो. तेल त्यात उतरून बुडाशी पोचलं की पकड सुटते. घाई केली की तोच गंज हाताने खरवडावा लागतो आणि ओरखडे उठतात.

दस्ता या कामापासून लांब ठेवला. अ‍ॅक्शन लाकडावरून उतरवली नाही, पण सांध्याला कागदी चिकटपट्टी लावली. जुन्या दुनळ्यांच्या दस्त्याचं डोकं काळं पडलेलं, बोटाने दबेल इतकं मऊ झालेलं पुष्कळदा दिसतं. वर्षानुवर्षं वरून ओतलेलं तेल अ‍ॅक्शनमधून झिरपून लाकडात मुरलेलं असतं. प्रेमाने तेल घालणाऱ्यांच्याच बंदुकांचं हे होतं. तेल लावल्यावर बंदूक एक रात्र तोंड खाली करून ठेवावी, म्हणजे जादा तेल नळीच्या तोंडाने बाहेर येतं.

पट्ट्या सोडल्यावर भुसभुशीत गंजाचा बराच भाग कापडावरच आला. राहिलेल्यासाठी चार शून्य नंबरचं स्टील वूल. इथे एक खुलासा करावा लागतो, कारण लोक भांड्यांची तारेची घासणी आणतात. ती जाड, टणक आणि या कामाला घातक. चार शून्यचं स्टील वूल कापसासारखं मऊ असतं, लाकडाला पॉलिश करणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. त्याचा छोटा बोळा, भरपूर तेल, नळीच्या लांबीच्या दिशेने हलका हात. आधी पुढच्या लाकडाखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर करून पाहिलं आणि बोळा पांढऱ्या कापडावर टिपला. तपकिरी उतरलं तर चाललंय ते ठीक. काळं-निळं उतरायला लागलं की थांबायचं.

आणि कापड सतत बदलायचं. सुटलेल्या गंजाची पूड तेलात मिसळली की तीच बारीक एमरी होऊन बसते. गंज अलगद निघाला पण नळीवर धुरकट ओरखडे आले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांनी बहुधा एकाच बोळ्याने सगळी नळी घासलेली असते.

डाव्या पट्ट्याच्या मध्यावर काही टणक खपल्या राहिल्या. त्यांना तांब्याची धार लागते. आमच्याकडे यासाठी भोकाचा पैसा आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निघालेला, कांस्याचा. त्याची एक कड कानशीने सरळ चौकोनी केली आहे. तेलात बुडवून ती कड नळीवर जवळजवळ आडवी धरायची आणि खपलीच्या कडेखाली सरकवायची. उभी धरून खरवडायचं नाही. खपली टिकलीसारखी सुटून येते, खाली बारीक काळा खड्डा दिसतो. आजची नाणी या कामाची नाहीत. एक-दोन रुपयांचं नाणं पोलादी असतं, चुंबकाला चिकटतं, नळीवर सरळ ओरखडा काढतं. पैसा नसेल तर वापरलेल्या काडतुसाचं पितळी बूड चपटं करून घ्यावं. तांब्या-पितळेची लालसर-पिवळी रेघ नळीवर उमटते, ती पाहून घाबरू नये. तेल आणि स्टील वूलने ती जाते.

पुतण्या एव्हाना शेजारी बसून काम करू लागला होता. पहिल्या खपलीखालचा खड्डा पाहून त्याने विचारलं, हा भरून सपाट नाही करायचा? नाही. खड्डा म्हणजे तिथलं पोलाद गेलेलं आहे. तो नाहीसा करायचा तर भोवतालचं सगळं पोलाद त्याच्या तळापर्यंत उतरवावं लागेल. नळीची भिंत आधीच किती मिलिमीटरची, त्यातून आणखी कमी करायची, आणि ती कशासाठी, तर सारखी दिसावी म्हणून. खड्ड्यात लाल काही उरलं नाही, तेवढं पुरे.

उकळायचं की नाही

तेलाने आणि तांब्याने जे जमायचं ते जमल्यावर डाव्या नळीवर लालसर धुरकट छटा उरली. गंजाचा सर्वात बारीक थर खड्ड्यांच्या तळाशी आणि निळाईच्या पोटात गेलेला. आणखी घासलं तर निळाई जाणार, सोडलं तर पुढच्या मृगात पुन्हा फुलणार. इथे गंज काढण्याऐवजी त्याची जात बदलायचा मार्ग असतो. नळ्या निव्वळ पाण्यात उकळायच्या. ब्लूइंग करताना जे होतं तेच, फक्त आम्ल न लावता. उरलेला लाल गंज काळा होतो आणि निळाईतच सामावतो.

पण दुनळीच्या बाबतीत हा निर्णय सरळ नसतो. दोन नळ्या आणि त्यांच्या मधल्या वरच्या-खालच्या पट्ट्या शिशा-कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात. हा डाक साधारण १८० अंशांच्या वर वितळतो, त्यामुळे १०० अंशांचं पाणी त्याला काही करत नाही. धोका वेगळा आहे. डाक कुठे सुटला असेल तर पाणी पट्टीच्या पोटात शिरतं, आत कोंडतं, आणि बाहेरचा गंज काढताना आपण आतला सुरू करून देतो. आतला डोळ्याला कधीच दिसत नाही.

म्हणून नळ्यांची ठोका-परीक्षा. सगळे सुटे भाग काढून नळ्या खालच्या आकड्याला सुतळी बांधून टांगल्या आणि बोटाच्या पेराने ठिकठिकाणी टिचक्या मारल्या. डाक शाबूत असेल तर नळ्या घंटेसारख्या घणघणतात आणि नाद रेंगाळतो. कुठे सुटला असेल तर आवाज बद्द येतो, किंवा नादाच्या मागे बारीक चर्र ऐकू येते. तोंडापासून बुडापर्यंत नाद स्वच्छ होता. तोच बद्द आला असता तर उकळण्याचा विचार सोडून ती लाल छटा मेणाखाली ठेवून दिली असती.

वेल्डरकडून स्टेनलेसच्या पत्र्याची लांब अरुंद पन्हळ करून घेतलेली आहे, दोन शेगड्यांवर मावते. पाणी बॅटरीचं, म्हणजे डिस्टिल्ड. नळाच्या किंवा विहिरीच्या पाण्यातले क्षार नळीवर पांढरे डाग पाडतात, आणि किनाऱ्याकडच्या पाण्यातल्या क्लोराइडने नवा गंज धरतो. उकळण्याआधी नळ्या अ‍ॅसिटोनने पुसून तेलाचा अंशही काढला. तेल राहिलं तर तिथे पाणी पोचत नाही आणि ठिपके उमटतात. तेव्हापासून उघड्या हाताने स्पर्श नाही, हातमोजे.

पाणी सळसळून उकळायला लागल्यावर नळ्या सोडल्या आणि वीसेक मिनिटं ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा तापलेल्या पोलादावरून पाणी आपोआप उडालं. लाल पट्ट्याच्या जागी मखमली काळी पूड होती. पुतण्याचा चेहरा पडला, त्याला वाटलं बंदूक जळाली. तेल काढलेल्या चार शून्यच्या बोळ्याने ती पूड हलकेच झाडली, आणि खालून नळीची मूळची काळी-निळी छटा वर आली. पट्टा गेला असं मी म्हणणार नाही. तिरक्या उजेडात खड्डे दिसतात, छटा भोवतालपेक्षा किंचित गडद आहे. लाल मात्र कुठे नाही. चिंचेच्या करड्या पट्ट्यावर काही फरक पडला नाही, कारण तिथे बदलायला गंजच नव्हता. काकांना विचारलं, तेवढ्या भागाला कोल्ड ब्लू लावू का? दुकानात बाटली मिळते, काळं होतं, पण टिकत नाही आणि शेजारच्या जुन्या निळाईशी कधी जुळत नाही. ते म्हणाले राहूद्या. त्यांच्या आजीचं काम असणार ते, असंही म्हणाले.

हल्ली सर्रास केलं जाणारं ब्लूइंग कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंशांना होतं. पोलादी एकनळीला आणि रायफलला ते चालतं. डाकाच्या दुनळीला कधीही नाही, कारण कॉस्टिक डाकातलं कथील खातं आणि पट्ट्या सुटतात. "दुनळी आहे, पण नवीन करून देतो" असं कोणी म्हटलं तर कोणत्या पद्धतीने, हे आधी विचारावं.

अ‍ॅक्शन, आतला भाग आणि बार

केस हार्डनिंगचे रंग ब्लूइंगपेक्षाही नाजूक असतात. तिथे स्टील वूलही नको. कुंकवाच्या डागावर तेल मुरवलं आणि बांबूच्या काडीने, काडीचं टोक वारंवार तासून, डाग कडेकडून उचलला. मध्यभागचे रंग त्या फुलाने आधीच नेले होते. खाली करडं पोलाद उरलं, भोवती ढग शाबूत राहिले. यापेक्षा जास्त मिळणार नव्हतं.

अ‍ॅक्शन १८७५ च्या अ‍ॅन्सन-डीली पद्धतीची, म्हणजे घोडे आतमध्ये. खालची पट्टी काढून आत पाहिलं. जुनं घट्ट झालेलं तेल होतं, मेणकापडासारखं पिवळं आणि चिकट. वास घेतल्यावर शंका उरली नाही, खोबरेल. कोकणात घरोघरी खोबरेल असतं, म्हणून बंदुकीलाही तेच. खाद्यतेल हवेत खवट होतं, त्यात आम्ल तयार होतं, मग ते चिकट होऊन धूळ धरतं. रॉकेलने धुऊन शिलाई मशीनच्या तेलाचे मोजके थेंब दिले. स्क्रूंच्या खाचा या इंग्लिश बंदुकांवर फार अरुंद असतात, त्यांना साजेसा तासलेला स्क्रूड्रायव्हर नसेल तर पट्टी न उघडलेलीच बरी. मालकाने तर हे घरी करूच नये. बाहेरून पुसणं, तेल देणं हे त्याचं काम. दुरुस्तीला परवाना लागतो.

नळ्यांच्या आतून कांस्याचा ब्रश आणि तेल फिरवलं. उजवी आरशासारखी. डाव्या नळीत घराच्या पुढे वीतभर अंतरावर बारीक खड्ड्यांचा पट्टा, तो या पावसाळ्यातला नव्हे. जुन्या काडतुसांच्या कॅपमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसायचं, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. ते क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. जुने शिकारी बार झाल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतायचे ते याचसाठी. ज्यांनी नुसतं तेल लावलं, त्यांच्या नळ्या तेलाखाली खाल्ल्या गेल्या.

खड्डे असलेली नळी बार काढायला योग्य आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरत नाही. भिंतीची जाडी मोजून घेतली, घराची लांबीही. घर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी. आज मिळणारी पुष्कळशी काडतुसं ७० मिलिमीटरची असतात. ती अशा घरात बसतात, हाच घोळ आहे. बार उडताना काडतुसाचं दुमडलेलं तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. काकांना हे दोनदा सांगितलं आणि चिठ्ठीवर लिहूनही दिलं: काडतूस घेताना डब्यावरची लांबी पाहा, ६५ च.

परत जाताना

शेवटचा हात मेणाचा. तेल उडतं, पुसलं जातं, धूळ धरतं. मेणाचा पातळ थर बोटांचे ठसे आणि दमट हवा दोन्ही अडवतो. संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, ज्याचं एक प्रसिद्ध मिश्रण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालं, ते इथेही चालतं. नळ्या कोमट करून लावलं, गार झाल्यावर कापडाने उजळलं. आतून तेलच.

पुतण्याने विचारलं, पिशवी नवी घ्यायची का? पिशवीच नको. कॅनव्हास, चामडं, फोम, तिन्ही ओल धरून ठेवतात, आणि कमावलेल्या चामड्यातली आम्लं तर निळाई खातात. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादाचं गंजणं वेगाने वाढतं. जून ते सप्टेंबर कोकणात ती त्याच्या खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. घरात कुलपाच्या लाकडी कपाटात, भिंतीला न टेकवता, धुतलेल्या सुती धोतराच्या सैल गुंडाळीत ठेवायची. चुलीच्या खोलीत नको. आषाढ-श्रावणात पंधरवड्याने एकदा काढून पुसायची, पुसल्यावर उघड्या हाताने नळीला धरायचं नाही.

राहिली जमा करण्याची गोष्ट. निवडणुका लागल्या की आदेश निघतो आणि कितीतरी शेतकऱ्यांना बंदुका ठाण्यात नेऊन द्याव्या लागतात, निकाल लागेपर्यंत. त्यासाठी काकांना जाड तेलाचा वेगळा डबा दिला. नेण्याआधी नळ्यांना आतून-बाहेरून जाड हात, काडतुसाच्या घरात तेलाचा बोळा, वर गंजरोधक कागद, मग सुती कापड. पिशवी मागितलीच तर ती सगळ्यात बाहेरून. आणि पावतीवर नंबराबरोबर बंदुकीची स्थितीही लिहून मागायची: नळ्यांवर गंज नाही, उजव्या नळीच्या तोंडाशी जुना करडा पट्टा आहे. लिहून देतीलच असं नाही, पण मागायला हरकत नाही. नाहीच दिलं तर जमा करण्याआधी नंबर दिसेल असे चार फोटो काढून ठेवायचे. ते काम पुतण्याने आपल्याकडे घेतलं.

पावसाळ्यानंतर बंदूक पाहणीसाठी परत आली. डाव्या नळीवर नवं लाल काही नव्हतं. चापाच्या कड्यावर मात्र बोटाच्या ठशाएवढा नारिंगी डाग होता. कोणीतरी पुसून झाल्यावर कडं धरून बंदूक कपाटात ठेवली होती. तेल आणि कापड, पाच मिनिटांचं काम.